सह्यांची बॅट टीव्हीवर जाते तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा : पुण्यातल्या एका घरात १९८३ च्या विश्वविजेत्या भारतीय संघाच्या सह्या असलेली बॅट आहे. ती वडिलांच्या संग्रहातली. एका वाहिनीला ती विशेष कार्यक्रमात दाखवायची आहे. एक दिवस घरी चित्रीकरण आणि दुसऱ्या दिवशी मुंबईच्या स्टुडिओत. बॅट भिंतीवरच्या काचेच्या पेटीत आहे. सोबत कागद एकही नाही, एका सत्काराचा फोटो तेवढा आहे. काय तयारी करावी, आणि बॅट द्यावी का?

द्या, पण तारीख देण्याआधी तीन आठवडे मागून घ्या. वाहिनीला घाई असते, कारण त्यांच्याकडे कार्यक्रमाचा दिवस ठरलेला असतो. तुमच्याकडे मात्र एकच बॅट आहे. या तीन आठवड्यांत दोन गोष्टी सांभाळायच्या आहेत. एक म्हणजे बॅटवरची शाई, जी उजेडाने जाते. दुसरी म्हणजे बॅटची पत, जी कॅमेऱ्यासमोर बोललेल्या एका जास्तीच्या वाक्याने जाते. शाईची काळजी घ्यायला हवी हे बहुतेकांना ठाऊक असतं. पत जपण्याचा विचार कार्यक्रम दाखवून झाल्यावर सुचतो, म्हणून आधी त्याबद्दल.

दावा किती करायचा

सह्या असलेल्या बॅटीचे साधारण चार प्रकार असतात : सामन्यात वापरलेली, खेळाडूला सामन्यासाठी दिलेली पण न वापरलेली, सत्कारात किंवा हॉटेलवर सह्यांसाठी पुढे केलेली, आणि सह्या छापलेली. तुमची बॅट बहुधा तिसऱ्या प्रकारातली आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त तिला पहिल्या प्रकारात बसवलं, की जाणकार प्रेक्षक तिसऱ्या प्रकाराबद्दलही शंका घ्यायला लागतो. कार्यक्रमाची माणसं हे मुद्दाम करतात असं नाही. पडद्याच्या खालच्या पट्टीवर जागा सात-आठ शब्दांची असते, आणि 'विश्वविजेत्या संघाच्या सह्यांची बॅट' यापेक्षा '१९८३ फायनलची बॅट' हे लहान आणि वजनदार वाटतं. म्हणून पट्टीवरचा मजकूर, प्रोमोमधलं वाक्य आणि अँकरच्या प्रस्तावनेतला तुमच्या बॅटीचा उल्लेख, हे तिन्ही आधी लेखी मागवा आणि मंजूर करून परत पाठवा. एकदा प्रसारित झालेला भाग पुढची कित्येक वर्षं सापडत राहतो. बॅट पुढे विमा, प्रदर्शन किंवा विक्रीसाठी जाईल तेव्हा समोरचा माणूस आधी तोच बघणार.

म्हणून नियम असा ठेवा, की दावा पुराव्याच्या एक पायरी खालीच राहिला पाहिजे. कॅमेऱ्यासमोरचं वाक्य आदल्या दिवशी कागदावर लिहा : 'ही १९८३ चा विश्वचषक जिंकलेल्या संघातल्या खेळाडूंच्या सह्या असलेली बॅट आहे. वडिलांना ती एका सत्कारात मिळाली असं घरात सांगितलं जातं, आणि हा त्या समारंभाचा फोटो.' यात माहिती कोणती आणि घरची आठवण कोणती, हे वेगळं कळतं.

आता सह्या तपासा. त्या संघात चौदा खेळाडू होते : कपिल देव, मोहिंदर अमरनाथ, सुनील गावसकर, के. श्रीकांत, यशपाल शर्मा, संदीप पाटील, कीर्ती आझाद, रॉजर बिन्नी, मदनलाल, सय्यद किरमाणी, बलविंदरसिंग संधू, रवी शास्त्री, दिलीप वेंगसरकर आणि सुनील वॉल्सन. व्यवस्थापक पी. आर. मानसिंग. बॅटीवर अंशुमन गायकवाड, मनिंदरसिंग किंवा शिवलाल यादव यांची सही दिसली, तर बॅट १९८३ चीच असू शकते, पण ती बहुधा त्या वर्षअखेरीच्या वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेची, विश्वचषकाची नव्हे. हा घोळ फार वेळा होतो. उलट सुनील वॉल्सनची सही सापडली तर ती जपून ठेवण्यासारखी खूण आहे. तो त्या स्पर्धेत एकही सामना खेळला नाही आणि पुढेही भारताकडून खेळला नाही, त्यामुळे त्याची सही 'कुठल्याही मालिकेच्या' बॅटीवर सहसा येत नाही.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि प्रत्येक सही तिरप्या उजेडात बघा. पेनाची सही लाकडाच्या शिरांवरून जाताना अडखळते. शाई शिरेत किंचित पसरते, वळणावर दाट होते, सुरुवातीला आणि शेवटी फिकी होते. छापलेली सही सगळीकडे सारखीच दाट असते, आणि भिंगाखाली तिचे बारीक ठिपके दिसतात. बॉलपेनची सही असेल तर लाकडात हलकी चर उमटलेली असते. बोट लावून चाचपू नका, उजेड आडवा टाकला की ती दिसते. सगळ्या सह्या एकाच पेनाच्या असणं संशयास्पद नाही, कारण बॅट टेबलावरून एका पेनासकट फिरते. सगळ्या सह्यांचा कल, दाब आणि अक्षरांची उंची मात्र सारखी असेल तर थांबा. ड्रेसिंग रूममध्ये एकाने दुसऱ्याच्या वतीने सही करून टाकण्याचे प्रकार जगभर झाले आहेत. आणि जेल पेन बाजारात आला तो १९८४ मध्ये, हेही ध्यानात असू द्या.

नंतर बॅट स्वतः बघा. स्टिकरवर संकेतस्थळाचा पत्ता असेल तर ती १९८३ ची नाही, प्रश्न मिटलाच. कडेची जाडी मोजा. आज नियमाप्रमाणे कड ४० मिमीपर्यंत चालते, आणि १९८३ च्या बॅटीच्या कडा त्या मानाने फारच बारीक असत. पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ३६५ नॅनोमीटरची यूव्ही (अतिनील) टॉर्च मिळते. अंधाऱ्या खोलीत तिच्या उजेडात स्टिकरचा कागद किंवा हँडलचा दोरा लख्ख निळा-पांढरा चमकला, तर त्यात शुभ्रता आणणारी रसायनं आहेत. त्यावरून बॅट खोटी ठरत नाही, कारण अशी रसायनं १९८३ च्या आधीपासून वापरात आहेत, शिवाय ग्रिप आणि दोरा नंतर बदलता येतात. पण हे आपल्याला आधी माहीत असलेलं बरं. टॉर्च एका जागी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त धरू नका, तो उजेड शाईला घातक असतो.

हीच पद्धत इतर वस्तूंना लावता येते, आणि पुण्याच्या संग्राहकांसाठी तर उदाहरणं घराजवळच आहेत. नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ ला केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळलं. त्या सामन्याचा म्हणून कोणी लाल चेंडू दाखवला, तर तो त्या सामन्याचा नाही, कारण तो विश्वचषक पांढऱ्या चेंडूने खेळला गेला. त्याच मैदानावर डिसेंबर १९८४ मध्ये झालेल्या भारत-इंग्लंड एकदिवसीय सामन्याचा पांढरा चेंडू दाखवला तरी तोच निकाल, उलट कारणाने. गहुंजेच्या फेब्रुवारी २०१७ च्या कसोटीचा म्हणून पाठीवर क्रमांक असलेला भारतीय शर्ट आला तर परत करा. कसोटीच्या शर्टांवर नाव आणि क्रमांक आले ते ऑगस्ट २०१९ पासून. त्याच मैदानावर ऑक्टोबर २०१९ मध्ये विराट कोहलीने नाबाद २५४ केल्या, त्या सामन्याच्या शर्टावर मात्र क्रमांक हवाच. अशा ढोबळ खुणा पाच मिनिटांत तपासता येतात, आणि त्या चुकल्या तर पुढचं काही बघायचीही गरज उरत नाही.

'सामन्यात वापरलेली' असा दावा असेल तर छायाचित्रांशी जुळवणी लागते. विलोच्या (बॅटीच्या लाकडाच्या) शिरांची रचना प्रत्येक बॅटीत वेगळी असते. शिरांची संख्या, त्यांच्यातलं अंतर, गाठी आणि स्टिकरची तिरकी कड हे जुन्या स्पष्ट छायाचित्राशी ताडून बघतात. १९८३ मधल्या कपिल देवच्या टनब्रिज वेल्सच्या नाबाद १७५ चं चलचित्रण उपलब्ध नाही, त्यामुळे त्या डावाशी नातं सांगणाऱ्या कुठल्याही वस्तूला स्थिर छायाचित्रांचाच आधार आहे. आणि जाहीरपणे दाखवलेल्या वस्तूवर प्रश्न येतात ते कसे, याचं उदाहरण मॅराडोनाच्या १९८६ च्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यातल्या शर्टाचं. वीस वर्षं तो इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयात होता. २०२२ मध्ये लिलावाची घोषणा होताच, हा शर्ट गोल झाले त्या उत्तरार्धातला नव्हेच, असं कुटुंबीय म्हणाले. लिलावगृहाने छायाचित्रांशी जुळवणी आधीच करून ठेवली होती, म्हणून लिलाव झाला आणि शर्ट ७१ लाख पौंडांना गेला. जुळवणी नंतर करायला घेतली असती तर तोवर शंकाच सगळीकडे पोचली असती.

तुमचा फोटो हा सध्याचा एकमेव पुरावा आहे, म्हणून त्यावर जरा मेहनत घ्या. फ्रेममधून काढा आणि मागची बाजू बघा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, क्रमांक सापडला तर त्याचाही फोटो काढून ठेवा. फोटोत बॅनर दिसत असेल तर संस्थेचं नाव आणि वर्ष वाचा, मग केसरी-मराठा ग्रंथालयासारख्या ठिकाणी त्या महिन्यांची वर्तमानपत्रं चाळा. बातमी मिळाली की तारखेसकट प्रत घ्या. घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीला काय आठवतं ते तारीख घालून, त्यांच्याच शब्दांत लिहून सही घ्या. आणखी एक गोष्ट लोक टाळतात. वडिलांची वस्तू आहे म्हणजे भावंडांचाही तिच्यावर हक्क असू शकतो. टीव्हीवर दिसल्यावर हा विषय निघण्यापेक्षा आधी सगळ्यांचं दोन ओळींचं संमतिपत्र घेऊन ठेवा.

कागद आणि विमा

वाहिनी तुम्हाला एक छापील संमतिपत्र देईल. ते तुमच्या मुलाखतीबद्दल असतं, बॅटीबद्दल नसतं. बॅटीसाठी वेगळा करार स्टॅम्प पेपरवर करा. वस्तू काही काळासाठी दुसऱ्याच्या ताब्यात देणं याला करार कायदा, १८७२ मध्ये निक्षेप म्हणतात (कलम १४८). कलम १५१ प्रमाणे ताबा घेणाऱ्याने सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तितकी काळजी घ्यायची. आणि कलम १५२ प्रमाणे तितकी काळजी घेतली असेल, तर नुकसानाला तो जबाबदार नाही, वेगळा करार नसल्यास. हा 'वेगळा करार' म्हणजेच तुमचा कागद. त्यात लिहा : बॅट घराबाहेर पडल्यापासून घरी परत येईपर्यंतच्या नुकसानाची, चोरीची आणि हरवण्याची भरपाई वाहिनी किंवा निर्मितीसंस्था देईल, ठरलेली किंमत अमुक. बॅट कशासाठी वापरायची तेही लिहा : स्टँडवर ठेवून चित्रीकरण, हातात घेऊन फिरवणं नाही. अटीबाहेर वापर केला तर झालेल्या नुकसानाला कलम १५४ थेट लागू होतं. अँकरने उत्साहात बॅट उचलून स्टान्स घेतला तर हेच कलम उपयोगी पडतं. शिवाय बॅटीच्या प्रतिमांचा वापर 'या कार्यक्रमापुरता आणि त्याच्या जाहिरातीपुरता' असा मर्यादित करा. छापील मसुद्यात 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' असे शब्द असतात. ते मुलाखतीसाठी मान्य केले तरी बॅटीच्या जवळून घेतलेल्या दृश्यांसाठी करू नका.

घराचा नेहमीचा विमा इथे पुरत नाही. 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत मौल्यवान वस्तूंसाठी ठरलेल्या किमतीचं जादा संरक्षण घेता येतं, पण ती पॉलिसी घराच्या पत्त्याशी बांधलेली असते. प्रवास आणि स्टुडिओ धरून दारापासून दारापर्यंतचं संरक्षण हवं, आणि ते निर्मितीसंस्थेच्या खर्चाने, तुमच्या नावावर. किंमत ठरवताना गाजलेल्या लिलावांकडे पाहू नका. २०११ च्या अंतिम सामन्यातली धोनीची बॅट लंडनमध्ये एक लाख पौंडांना गेली, ती वापरलेली, नावाजलेली आणि धर्मादाय कार्यक्रमात विकलेली होती. सह्यांच्या बॅटीची तिच्याशी तुलना होत नाही. विम्यासाठी ठरवलेला आकडा करारातच राहू द्या, कॅमेऱ्यासमोर तो कोणी विचारला तरी सांगू नका.

शेवटचा कागद म्हणजे स्थिती-अहवाल. दोन्ही बाजू, दोन्ही कडा, टो (बॅटीचं खालचं टोक), खांदे, हँडल आणि प्रत्येक सही जवळून, सोबत पट्टी ठेवून, दिवसाच्या उजेडात आणि तिरप्या उजेडात. असे तीसेक फोटो होतात. आधीपासूनच्या तडा, डाग, निघालेले स्टिकर यांची नोंद करा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून ग्रॅममध्ये लिहा. देताना दोघांच्या सह्या, परत घेताना त्याच कागदावर पुन्हा दोघांच्या सह्या.

पेटीतून काढणं, बांधणं, नेणं

काचेची पेटी स्टुडिओत उघडू देऊ नका. दोन दिवस आधी घरी, टेबलावर धुतलेलं मांजरपाट अंथरून उघडा. जुन्या फ्रेमवाल्यांनी बॅट फोमच्या दुहेरी टेपने चिकटवलेली असते. ओढलीत तर लाकडाची पापडी किंवा स्टिकर सोबत येतो. दातांसाठीचा फ्लॉस दोन हातांत ताणून करवतीसारखा मागेपुढे फिरवत टेप कापा, वेळ लागला तरी चालेल. हेअर ड्रायर नको, उष्णतेने शाई आणि टेपचा चीक दोन्ही सुटतात. टेपचा उरलेला थर बॅटीच्या मागे असेल तर तसाच राहू द्या. तो काढायचाच असेल तर संवर्धनतज्ज्ञाकडे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे.

साफसफाई फक्त मऊ, कोरड्या, रुंद ब्रशने, सह्या सोडून. ओला फडका नको, खोडरबर नको. आणि कॅमेऱ्यावर लाकूड उठून दिसावं म्हणून जवसाचं तेल तर मुळीच नको. खेळायच्या बॅटीला तेल लावतात, सह्यांच्या बॅटीला लावलं की शाई त्यात विरघळून शिरांमधून पसरते, आणि ते परत येत नाही. व्हार्निशचंही तेच. बॅटीच्या तोंडावर पारदर्शक संरक्षक पत्रा असेल आणि सह्या त्यावर असतील, तर पत्र्याची सुटलेली कड चिकटवायलाही जाऊ नका.

ग्रिपला धरून उचलू नका. चाळीस वर्षांचं रबर एकतर चिकट झालेलं असतं किंवा कडक, हातात त्याचे तुकडे येतात. एक हात टोखाली, दुसरा खांद्यांखाली, बोटं कडांवर. सुती हातमोजे घसरतात. नायट्राइलचे घ्या, पावडर नसलेले.

बांधताना आधी अ‍ॅसिड-फ्री टिश्यू (आम्ल नसलेला पातळ कागद), तो नसेल तर स्टार्च काढलेलं धुतलेलं मांजरपाट. त्यावर ईपीई फोम. हा पांढरा फोम बोहरी आळीत पॅकिंगच्या सामानात मिळतो. पिवळा स्पंज वापरू नका, तो काही वर्षांत भुगा होऊन चिकटतो. बबल रॅप बॅटीला थेट लावला तर त्याचे गोल ठसे उमटतात. न्यायची पेटी कडक हवी. पूर्ण आकाराची शॉर्ट हँडल बॅट ८५ ते ८९ सेंमी असते, म्हणून आतून निदान १०० सेंमी लांब घ्या, म्हणजे दोन्ही टोकांना पाच सेंमी फोम बसेल. फोममध्ये बॅटीच्या आकाराचा खळगा कापा, वरून दाब पडता कामा नये.

पुण्याची हवा इथे महत्त्वाची आहे. एप्रिलच्या दुपारी ती कोरडी ठणठणीत असते, जुलैत दमट. विलो दोन्हींना प्रतिसाद देतो : आकसतो, फुगतो, आणि झटक्याने बदल झाला तर टोशी तडकतो. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची एखादी पुडी ठेवा, उन्हाळ्यात ठेवू नका, नाहीतर आधीच कोरडं लाकूड आणखी सुकेल. स्टुडिओतल्या एसीत पोचल्यावर पेटी लगेच उघडायची नाही. दमट दिवशी निदान चार-पाच तास बंद ठेवा. आदल्या रात्री नेता आली तर उत्तमच.

न्यायची ती गाडीने, स्वतः सोबत बसून. डिकीत नाही, मागच्या सीटच्या पायाशी किंवा सीटवर पट्ट्याने बांधून. उन्हात उभ्या गाडीचा आतला पारा साठ अंशांच्या आसपास जातो, म्हणून एक्सप्रेसवेवर चहाला थांबलात तर एकजण गाडीत एसी लावून बसेल. दिल्लीच्या स्टुडिओचं बोलावणं आलं तर विमानाचा विचार सोडा. क्रिकेटची बॅट केबिनमध्ये नेता येत नाही, आणि तिला सामानाच्या पट्ट्यावर सोडायचं नाही. रेल्वेने बर्थखाली ठेवून न्या.

सेटवर

सर्वांत मोठा शत्रू उजेड. संग्रहालयं सह्या, कापड, जलरंग अशा नाजूक वस्तूंवर ५० लक्स (उजेडाचं माप) इतकाच उजेड ठेवतात, आणि वर्षभराची मर्यादा साधारण १५,००० लक्स-तास (लक्स गुणिले तास) मानतात. सेटवर अँकरच्या जागी हजार लक्सच्या आसपास उजेड असतो. बॅट तिथे सहा तास पडून राहिली तर ६,००० लक्स-तास झाले, म्हणजे संग्रहालयातले रोज आठ तासांचे पंधरा दिवस आणि वर्षाच्या कोट्याचा चाळीस टक्के भाग. तीच बॅट फक्त टेकच्या वेळी, एकूण चाळीस मिनिटं बाहेर राहिली तर सातशेच्या आत. फरक एवढा मोठा आहे, आणि तो पाडायला पैसे लागत नाहीत. लायटिंग आणि कॅमेऱ्याच्या जागा ठरवण्यासाठी त्याच आकाराची, त्याच रंगाची साधी बॅट सोबत न्या. सगळं जुळेपर्यंत ती स्टँडवर, खरी बॅट पेटीत. हे लाइटमनना पहिल्याच भेटीत सांगितलं की ते आनंदाने करतात, त्यांनाही वस्तूची जबाबदारी नकोच असते. मोबाइलवरचं लक्समीटर अचूक नसलं तरी अंदाजाला पुरतं.

दिवे एलईडी आहेत का विचारा. जुने एक-दोन किलोवॉटचे टंगस्टन दिवे जवळून लाकूड तापवतात, एचएमआय (मोठ्या चित्रीकरणातल्या प्रखर) दिव्यांत यूव्ही असतं. तसे दिवे असतील तर बॅटीपासून निदान अडीच-तीन मीटर लांब, फिल्टर लावून. घरच्या चित्रीकरणात दोन किलोवॉटचे दिवे आणले तर सुमारे नऊ अँपियर वीज लागते, ती सहा अँपियरच्या बटणावर चालत नाही. गिझर किंवा एसीचं सोळा अँपियरचं सॉकेट कोणतं, ते आधीच दाखवून द्या.

बॅट पेटीत ठेवूनच चित्रीकरण होत असेल, तर काचेवर चमक येते म्हणून पेटीचं झाकण काढा, अशी मागणी हमखास येते. आधी इतर उपाय करायला लावा. दिवे ४५ अंशांवर सरकवायचे, कॅमेऱ्यामागे काळं कापड धरायचं, लेन्सला पोलरायझर म्हणजे चमक कापणारा फिल्टर लावायचा (त्याने उजेड दीड-दोन स्टॉप कमी होतो, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतो, तेवढी तयारी कॅमेरामनकडे हवी). तरीही नाहीच जमलं तर चार-पाच मिनिटांसाठी झाकण काढा. अ‍ॅक्रिलिकचं झाकण असेल तर ते पुसायला अमोनियाचा क्लीनर नको, त्यावर जाळीदार तडे पडतात. आणि कला विभागातल्या माणसांना एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगा. चमक मारण्यासाठी सेटवर डलिंग स्प्रे किंवा हेअर स्प्रे वस्तूंवर मारतात. इतर सामानासाठी ते रोजचं आहे, तुमच्या बॅटीवर तो एक फवारा म्हणजे सह्यांवर कायमचा थर. डबा बॅटीच्या आसपासही नको.

स्टँड स्वतःचा न्या : दोन अ‍ॅक्रिलिकचे आधार, फोम लावलेले, एक टोखाली आणि एक खांद्याच्या वर, बॅट मागे दहा-पंधरा अंश रेललेली. नायलॉनच्या दोऱ्याने लटकवणं, एम-सील, टेप, यांपैकी काही नाही. टेबलावर चहा, पाणी, मेकअपचा डबा नसावा. वायर बॅटीच्या टेबलाखालून जात असेल तर ती जमिनीला टेप करून घ्या, पडण्याचे प्रकार बहुतेक वायरीत पाय अडकूनच होतात. बॅटीला हात लावणारा माणूस एकच, म्हणजे तुम्ही. अँकरला काही हातात हवं असेल तर ती साधी बॅट आहेच.

सह्यांची दृश्यं कशी घ्यायची यावरही बोलून घ्या. हल्ली कॅमेरे इतके बारीक टिपतात, की समोरून, सपाट घेतलेली प्रत्येक सही बनावट सह्या करणाऱ्याला आयता कित्ता ठरते. दोन-तीन सह्या जवळून, तिरक्या कोनातून दाखवा, बाकी पूर्ण बॅट दुरून. मूळ रिझोल्यूशनचे तुमचे फोटो वाहिनीला पाठवू नका.

घरच्या चित्रीकरणात इमारतीची पाटी, खिडकीतून दिसणारा ओळखीचा चौक, गाडीची नंबरप्लेट, कपाटाचं कुलूप, यांपैकी काही चौकटीत येऊ देऊ नका. 'पुण्यातला एक संग्राहक' एवढी ओळख पुरते. कार्यक्रमानंतर महिनाभर तरी बॅट नेहमीच्या भिंतीवर नको. बँकेच्या नेहमीच्या लॉकरमध्ये पूर्ण बॅट मावत नाही, आणि चोरी, आग यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपुरतीच असते, तेव्हा नातेवाइकांच्या घरातलं आतल्या भिंतीलगतचं कपाट बरं. विकत घ्यायला फोन येतील, 'तपासून देतो' म्हणणारेही येतील. बॅट कोणाच्याही ताब्यात तपासणीसाठी देऊ नका. तपासणी तुमच्या समोर, तुमच्या टेबलावर.

परत आल्यावर पेटी रात्रभर बंदच ठेवा. सकाळी उघडून आधी वजन करा, मग स्थिती-अहवालातले फोटो एकेक करून बॅटीशी ताडा, विशेषतः टो, खांद्याचे कोपरे आणि हँडल जिथे ब्लेडमध्ये शिरतं तो जोड. निर्मितीसंस्थेच्या माणसाची परतीची सही त्याच्यानंतर घ्या, दारात बॅट हातात देताना नाही.

पेटीत परत बसवताना टेप वापरू नका, मागच्या फळीला फोमचे आधार करून घ्या. आणि ती पेटी उन्हाच्या समोरच्या भिंतीवर असेल, तर जागाही बदला. स्टुडिओतल्या एका दिवसापेक्षा दिवाणखान्यातलं रोजचं ऊन त्या सह्यांचं जास्त नुकसान करतं.